गिरणीवाल्याची साक्ष

औषधाच्या दुकानात बसून माणूस संशयी होतो. कोण कोणासाठी काय नेतो हे बघून बघून माझा तर सख्ख्या भावावरही विश्वास उरलेला नाही. त्यामुळे शेखर गिरणीवाला फिटच्या गोळ्या न्यायला लागला, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे मी लगेच ओळखलं. फिट यायच्या त्याच्या बायकोला, आणि कोकिळाबाईंनी गोळ्या सोडल्या हे अख्ख्या मेहकरला माहीत होतं. दर रविवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये उभ्या राहून त्या तशी साक्षच देत. साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत सांगायचं.

"कोणासाठी रे?" मी विचारलं.

"साळ्यासाठी."

त्याचा साळा मला चांगला माहीत. धडधाकट गडी, ट्रॅक्टर चालवतो. मी गोळ्या दिल्या, पण मनातून ते काही गेलं नाही.

शेखर पूर्वी असा चोरटा नव्हता. उलट फारच छातीठोक. गावात जुनी ख्रिस्ती घरं आहेत, ती देवाचंही करतात आणि माझ्याकडून औषधंही नेतात. पण या हॉलवर खामगावहून येणाऱ्या पास्टरचं वेगळं होतं. गोळी खाल्ली म्हणजे देवावर भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं. शेखरनं त्याच्या शब्दावर घरातला देव्हारा काढला, भावाच्या सत्यनारायणाचा प्रसाद दारातूनच परत केला. दळण घेऊन येणाऱ्याला नरकाची अशी भीती घालायचा, की बायका डबा ठेवून पळायच्या.

पुढच्या खेपेला मी गोळ्या हातातच धरून ठेवल्या. "खरं सांग, मगच देतो."

तो बाकड्यावर बसला. गोळ्या बंद केल्यावर कोकिळाबाई फिट येऊन शेगडीवर पडल्या होत्या, हात कोपरापर्यंत भाजला. पास्टर घरी आला, डोळे मिटून बसला आणि म्हणाला, या घरात कोणाचा तरी विश्वास कच्चा आहे.

"अन् भाऊ, तो माहाच होता," शेखर म्हणाला. "मी तिचा हात पाह्यला अन् माहं मन फिरलं. दुसऱ्या दिवसापासून गोळी लाटण्याखाली चुरतो, अद्रकाच्या चहात टाकतो. तिले वाटते, प्रार्थनेनं बरी झाली."

"मग सांगत काऊन नाहीस?"

"सांगतलं त ती गोळी घेनार नाही. अन् नाही घेतली त मरन."

मी गोळ्या त्याच्या हातात ठेवल्या. माणूस बायकोला फसवून जगवत होता.

पण खोटं एका घरात मावत नाही. काही दिवसांनी भाजी विकणारी सोजराबाई दुकानात आली आणि साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची पाकिटं काउंटरवर ठेवली. "ह्या वापस घ्या. कोकिळा बरी झाली, त मी काऊन नाही होनार?"

मी तिला बसवलं आणि शेखरला गिरणीवरून बोलावलं. तोंडाला पीठ माखलेलं, तसाच तो आला. पाकिटं बघितली, सोजराबाईकडे बघितलं. आणि गिरणीवर परत गेला.

रविवारी मी हॉलच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तो बोलेल याची मला खात्री नव्हती. कोकिळाबाईंनी साक्ष दिली, टाळ्या झाल्या, सोजराबाई मान डोलावत होती. मग शेखर उठला.

"मी हिले रोज चहातून गोळी देऊन राह्यलो. देव बरं करत असन त करो. पन हिच्याकडं पाहून कोणी गोळ्या सोडू नका."

पास्टर म्हणाला, याच्या तोंडून सैतान बोलतोय.

"असन," शेखर म्हणाला. "मले आता कायचीच खात्री नाही."

कोकिळाबाई पास्टरकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "कवापासून?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुहा हात भाजला तवापासून."

सोजराबाई दुसऱ्या दिवशी कुरकुरत आपली पाकिटं घेऊन गेली. शेखरनं हॉल सोडला. भावानं लगेच पूजेला बोलावलं, तर त्यालाही थांब म्हणाला. कोणी छातीठोक बोललं की आता त्याला भीती वाटते, देव कोणाचाही असो. तो कुठंच जात नाही, लोकांना त्यातही डाव दिसतो. कोकिळाबाईंनीही हॉल सोडला. त्या स्वतः चिखलीला जाऊन गोळ्या आणतात. माझ्या दुकानावर त्यांचा भरवसा नाही, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

परवा शेखर दुकानापुढून जात होता. मी हाक मारली. "आता त नीट चाललंय न? फिट येत नाहीत?"

"नाही येत. जिती हाये, भाऊ," तो म्हणाला. "पन मी चुलीजवळ गेलो, की ती आपलं ताट झाकते."