घराची ओटी

माझी जाऊ मेट्रोत बसून कुणाकडे जाणारी बाई नाही. जवळच्या पेंधरला मेट्रो आली तेव्हा तिचं अख्खं नावडे गाव हौसेनं एकेक फेरी मारून आलं, ही गेली नाही. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती खारघरच्या आमच्या फ्लॅटच्या दारात एकटी उभी दिसली तेव्हा काम साधं नाही हे मी ओळखलं. हातात पिशवी, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या करंदीचा डबा. चपला काढायच्या आधी तिनं विचारलं, "सही केली का तुमी?"

नव्हती केली. कागद टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. सासरे गेल्यावर नावड्यातलं कौलारू घर दोघा भावांचं झालं होतं, थोरल्या दिरांचं आणि माझ्या नवऱ्याचं. एका बिल्डरला ते पाडून तिथे चार मजली बिल्डिंग उभी करायची होती. दिरांनी सही दिली होती, आमची झाली की घर जाणार. नवऱ्यानं नेहमीप्रमाणे "तू म्हणशील तसं" असं म्हणून अंग काढून घेतलं होतं आणि मी शिकवते त्या शाळेच्या परीक्षा पुढे करून दिवस ढकलत होते.

दिरांचं तरी काय चुकत होतं? आजूबाजूला भराव पडत गेला, बिल्डिंगा उभ्या राहिल्या, रस्ता दरवेळी जुन्याच डांबरावर नवा होत गेला आणि त्यांचं घर मधल्या खळग्यात उरलं. पावसाळ्यात खाडीला मोठी भरती आली की पाणी थेट माजघरात. दीर गुडघाभर पाण्यात उभे राहून बादल्यांनी पाणी उपसायचे. साठीच्या माणसाला हे दरवर्षी झेपत नाही. गावातले लोक म्हणायचे, तुमचं घर खाली गेलं. जावेला ते अजिबात खपायचं नाही.

"घर व्हतं तिथंच हाय गो," ती सोफ्याच्या कडेवर टेकत म्हणाली. "रस्ता वर गेलाय. मंग घरानंबी वर जायाला पायजे."

मला वाटलं, बाई रागाच्या भरात बोलतेय. तिनं मोबाइल काढून व्हिडिओ लावला. हरियाणाकडची माणसं अख्खं घर जॅकवर उचलत होती. तिनं त्यांना शोधलं होतं, फोन केला होता, नवरा बाजारात गेलेला असताना बोलावून घर दाखवलंही होतं. आणि नंतर मला सांगायला मेट्रोत बसली होती.

"एक पाऊस दे मना," ती म्हणाली. "या पावसान पानी घरान शिरलं, तर मी सोता तुझ्या हातान पेन देतंय."

मी साताऱ्याकडची. घर बांधतात, पाडतात, भावाभावांत वाटून मध्ये भिंत घालतात, एवढं मला ठाऊक होतं. घर उचलतात हे नवीन होतं. पण समोर बसलेल्या बाईचा चेहरा बघून मी ड्रॉवर उघडला नाही एवढं खरं.

त्या घराशी माझं नातं तसं तिऱ्हाइताचंच होतं. आमचं लग्न रजिस्टर. मी त्यांच्या जातीची नाही, आणि सासऱ्यांनी त्या रागात आमच्याशी बोलणं टाकलं होतं. मुलगी झाली तेव्हा बोलावणं आलं. पण कडेवर पोर घेऊन आलेल्या बाईसाठी उंबऱ्यावर तांदळाचं माप कोण मांडणार? नवी नवरी उजव्या पायानं माप लवंडून घरात येते, मी रिक्षातून उतरून चपला काढून आत गेले. पुढे सासरे निवळले, माझ्या हातचं पिठलं मागून खाऊ लागले. गणपतीला, शिमग्याला आम्ही पाहुण्यांसारखे यायचो आणि पाहुण्यांसारखे जायचो. मापाचा विषय निघाला की मी म्हणायचे, मला त्याचं काही वाटत नाही. इतक्यांदा म्हणायचे की खरंच वाटत नसावं असं माझं मलाच पटलं होतं. जाऊ तेव्हा काही बोलायची नाही, नुसती ऐकायची.

दीर कसे तयार झाले ते मी बघितलं नाही. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना आठ दिवस जेवण मिळालं पण बोलणं मिळालं नाही. शेवटी त्यांनी बिल्डरला पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं, तेही "बाईच्या हौसेखातर" म्हणून.

शिमगा झाल्यावर काम सुरू झालं. कौलं उतरवून अंगणात रचली, भांडीकुंडी शेजाऱ्यांकडे गेली. शेतं सरकारनं घेतली तेव्हा आलेल्या पैशात सासऱ्यांनी सगळ्या घराला टाइल्स बसवल्या होत्या, घराची जमीन वीतभर वर आणून. जॅकसाठी त्या फोडल्या तर खाली मूळचा सागवानी उंबरा निघाला. एक टोक वाळवीनं खाल्लेलं, बाकी ठणठणीत. सासऱ्यांनी हौसेच्या भरात घराचा उंबराच पुरून टाकला होता! जावेनं तो स्वतः उचलला, नारळाच्या काथ्यानं घासला आणि पडवीत उन्हाला उभा केला. खांबांवरचा ऑइलपेंटही तिनं खरवडून काढायला लावला. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी, आणि सगळ्यात खाली सुतारानं घडवलेलं कमळ. बाई दिवसभर त्या धुळीत तोंडाला पदर बांधून बसायची आणि कमळाची पाकळी नीट दिसली नाही तर कामगाराला चहा द्यायची नाही.

मिस्त्रीनं आधीच बजावलं होतं, उचलताना घर पूर्ण रिकामं पाहिजे. भिंतींच्या आणि खांबांच्या खाली लोखंडी चॅनेल सरकवले, त्यांच्या खाली जॅक. प्रत्येक जॅकशी एक माणूस. मिस्त्री अंगणातून ओरडायचा "घुमाओ", की सगळ्यांनी एकदमच दांडा थोडासा फिरवायचा. पुन्हा थांबायचं. घर आधी कुरकुरलं, मग कुठेतरी सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि भिंतीखाली उजेडाची एक रेघ दिसली. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बघितल्यात, पण घराच्या खालून पलीकडचं अंगण कधी बघितलं नव्हतं. गावातली निम्मी माणसं कुंपणाशी उभी होती. जाऊ कौलांच्या ढिगावर बसून एकटक बघत होती.

आणि तेवढ्यात माजघराच्या बाजूनं काडकन आवाज झाला. दाराच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेला. ती बाजू बाकीच्यांबरोबर वर येतच नव्हती. मिस्त्रीनं सगळ्यांना थांबवलं, माजघराचं कडी लावलेलं दार उघडलं आणि आतूनच ओरडला, "माताजी! ये क्या है?"

आत चॅनेलवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर बांबूची उंच कणग होती. तळोज्याच्या बाजूला उरलेल्या तुकड्यात जाऊ अजून भात लावते, त्याचे तांदूळ त्या कणगीत गळ्यापर्यंत भरलेले. वर नारळ, सुपाऱ्या, हळदकुंकू आणि कणगीच्या पोटाला गुंडाळलेला हिरवा खण. आदल्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर हे काम गुपचूप झालं होतं.

"तुला काय अक्कल हाय का नाय?" दीर कडाडले. "सगला रिकामा ठेवायचा सांगितला व्हता ना?"

"लेकीला धाडताना ओटी रिकामी ठेवतं का कोन?" ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिनं. "पोटुशी बाईची ओटी भरतो, गावाला निघाल्या बाईची भरतो. हा तर अख्खा घर जागेवरून उठून चाललाय. त्याला तसाच रिकामा कसा उचलू देऊ?"

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, त्याच क्षणी मला ती बाई फार आवडली. इतकी वर्षं आवडत होती, त्या दिवशी कळलं किती ते.

दिरांनी खिशातून फोन काढला. "बस झाली नाटकं. भिंत फुटली, उद्या घर पडंल. उतरवा ते जॅक. मी बिल्डरला बोलावतंय." मग माझ्याकडे वळून, "तू शिकलेली हायस. तू तरी सांग हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाऊ तेवढी बघत नव्हती, तिची नजर त्या तड्यावर होती. 

"मी अजून सही केलेली नाही," मी म्हणाले. "आणि पाऊस अजून आलेला नाही. बोली पावसाची होती, दादा."

दिरांनी नंबर काही लावला नाही. फोन हातातच राहिला. मी मिस्त्रीला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, हे तांदूळ बाहेर काढायचे नसतील तर काय करता येईल? तो आधी हसला. मग म्हणाला, वजनाचं एवढं काही नाही, एकाच बाजूला वजन आहे त्याचा त्रास आहे. तडा भरून निघेल. सगळीकडे सारखं वाटून द्या.

झालं! पदर खोचून जाऊ उठली. पायलीचं माप घेऊन तिनं कणग रिकामी केली आणि घराच्या प्रत्येक खांबाशी चॅनेलवर फळी टाकून पायलीपायलीनं तांदळाची रास घातली. कुंपणापलीकडच्या बायका न सांगता आत आल्या, कुणी सुपात, कुणी ओंजळीत तांदूळ नेऊ लागली. मीही नेले. दीर जरा वेळ बाजूला उभे होते. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि जड पाटी उचलली. खण तिनं मधल्या खांबाला बांधला. मिस्त्री पुन्हा ओरडला, "घुमाओ", आणि आपली ओटी सांभाळत ते घर चारी बाजूंनी एकसारखं वर आलं.

नंतरचे दोन महिने नुसती धावपळ होती. खाली नवा पाया, मूळच्या जागेवर उंबरा, वाळवी लागलेल्या टोकाला नवीन सागाचा सांधा. कौलांखाली फळ्या आल्या, खिडक्यांना जाळ्या, वायरिंग सगळं नवं, स्वयंपाकघरात चिमणी. मी शाळा सांभाळून अधूनमधून जायचे. एकदा मागच्या बाजूला दोन नव्या खोल्या दिसल्या. एका खोलीला लागून बाथरूम, त्यात कमोड आणि शेजारी भिंतीला धरायला दांडा. माझा गुडघा दुखतो हे मी त्या घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गणपतीत मी खाली बसताना भिंत धरते, ते हिनं कधीतरी बघून ठेवलं होतं. माळ्यावर माझ्या मुलीसाठी टेबल, आणि त्या टेबलाशीच इंटरनेटची वायर आणून सोडलेली. राहायला या, असं ती चुकूनही म्हणाली नाही. मीही काही विचारलं नाही. परत येताना रिक्षात मात्र मला रडू आलं, आणि रिक्षावाला उगाच हळू चालवायला लागला.

जुलैत मोठी भरती आली. सकाळी दिरांचा फोन, "या लवकर." आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावरून पाणी अंगणात आलेलं होतं आणि नव्या पायऱ्यांपैकी खालच्या दोन बुडाल्या होत्या. वरच्या पायरीवर दीर हातात बादली घेऊन उभे. इतक्या वर्षांची सवय. दुपारपर्यंत पाणी तिथेच घुटमळलं आणि ओसरलं. दिरांनी कोरडी बादली न्हाणीघरात नेऊन ठेवली. बिल्डरला फोन त्यांनीच केला, आणि तो कागद मी घरी येऊन फाडला.

श्रावणात आम्ही सामान घेऊन तिथे कायमचे राहायला गेलो. टेम्पो मागे होता. मी पुढे झाले तर दारात जाऊ नवं लुगडं नेसून उभी आणि उंबऱ्यावर माप. त्याच राशींमधले तांदूळ तिनं इतके दिवस बाजूला ठेवले होते.

"अहो, हे काय आता," मी म्हणाले. "माझं वय बघा. मला कधी त्याचं काही वाटलं..."

"मना वाटत व्हतं," ती म्हणाली. "उजवा पाय लाव."

मी नवऱ्याचा खांदा धरला आणि पाय लावला. तांदूळ पार पहिल्या खांबापर्यंत पसरले. मला पुढचं नीट दिसेना. दीर सवयीनं खाली वाकून दाणे गोळा करायला लागले, तशी ती त्यांच्यावर खेकसली.

"ऱ्हाऊ द्या! आज कोनी झाडायचं नाय. माझी जाऊ घरान आयलीय."