आकडा बघू नको, जोड बघ

ओवीच्या बारशाला मोमीनचाचांनी अश्लेषाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बेटी, तुझ्या भावाला माझा एवढा निरोप दे. सही करताना आकडा बघू नको, जोड बघ."

चाचा म्हणजे दिगूदादाचे उस्ताद. कारखान्यातल्या पाइपांच्या जोडांचे एक्स-रे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. अश्लेषानं हसून त्यांच्या हातावर पेढा ठेवला, "चाचा, आज तरी कारखाना गेटवर ठेवून यायचं!" म्हणाली आणि पाळण्याकडे पळाली.

निरोप राहिला तो राहिलाच. पाच महिन्यांनी दादानं पास केलेली वाफेची लाइन फुटली, आणि तिच्याखाली दादाच उभा होता.

आता दुपारचे अडीच वाजलेत. ओवी पिता पिता झोपलीय. अश्लेषाचेही डोळे मिटतायत; कान तेवढे जागे. खिडकीबाहेर दोरीवर ओवीची दुपटी वाळतायत. एक, दोन, तीन... मोजता मोजता दुपट्यांवरची फुलं काळी पडतात, कापड ताठ होतं, कडांवरून पाणी ठिबकायला लागतं. दोरीला चिमट्यांनी एक्स-रेच्या फिल्म लटकल्यात. लाल दिवा लागलाय, आणि दिगूदादा बाह्या दुमडून एकेक फिल्म झटकतोय.

"दार लाव गं. उजेड येतोय."

"तू मेलायस," अश्लेषा म्हणते.

"म्हणून काय फिल्म वाळायच्या थांबतात?"

तिच्या अंगाचा तिळपापड होतो. चार महिन्यांत रडून झालंय सगळं. राग तेवढा जसाच्या तसा आहे.

"जीभ चालवू नकोस! आई अजून तुझं ताट वाढते, माहितीय? कुणी सांगितलं होतं तुला या धंद्यात पडायला?"

"तूच की, बी.एस्सी. फिजिक्सवाल्या बाई. क्लासची जाहिरात कापून कुणी आणलेली? न कापता, न तोडता लोखंडाचं आतलं दुखणं ओळखा. पाइप आहेत तोवर काम आहे. लेव्हल टूची परीक्षा पास झालं, सहीचा हक्क मिळाला की थेट मस्कत." दादा हसतो. "मस्कत राहिलं."

खरं आहे, म्हणून ती जास्तच चिडते. बोलायला जाते तर अंधारखोली लांबत लांबत लशीच्या दवाखान्याची रांग झालीय. बाकावर बाया, मांडीवर पोरं. डॉक्टरांच्या खुर्चीत दादा. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर बारा फिल्म, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक आकडा, अकरापासून बावीसपर्यंत. जोडाशेजारी शिशाचा आकडा ठेवून फोटो काढायचा, म्हणजे फिल्म कुठल्या जोडाची ते कळतं. हे दादानंच तिला एकदा जेवताना समजावलं होतं.

"बघ. पास की नापास?"

ओवीच्या अंगावरचा प्रत्येक पुरळ निरखते तशी अश्लेषा निरखते. अकराच्या जोडाला डाव्या अंगाला बारीक ठिपका. बाराला तोच. तेरालाही तोच, त्याच जागी. ओवीच्या कानामागचा तीळ हजार पोरांत ओळखेल ती.

"हा तीळ सगळ्यांना कसा?"

दादा पेटीकडे पाठ करतो.

"एकाच जोडाचे बारा फोटो! नुसते आकडे बदलून!"

"साहेब म्हणाला, वेल्डर एकच आहे, एक बघितला काय नि बारा बघितले काय. संध्याकाळी लाइन चालू करायची होती." तो नखं कुरतडतो, लहानपणी कुरतडायचा तशी. "फोटो मी नाही काढले गं."

"आणि सही?"

"सही माझी. सतरा फुटला. सतराची फिल्म होती. सतरा कुणी बघितलाच नव्हता."

"लाज नाही वाटली? लोखंडाचे डॉक्टर म्हणे!" ती इतक्या जोरात ओरडते की रांगेतल्या बाया पोरांचे कान झाकतात. "चाचा सांगत होते तुला..."

"काय सांगत होते?"

तो खरंच विचारतोय. त्याला माहीत नाही. अश्लेषाच्या तोंडात पेढ्याची गोडी येते. ती निरोप सांगते, बारशाला सांगायचा होता तोच.

"मला सांगून आता काय?" दादा म्हणतो. "माझ्या खुर्चीवर बसलाय त्याला सांग."

तिला सकाळ आठवते. निरंजन, तिचा नवरा, गेल्याच महिन्यात लेव्हल टू पास झालेला, आजपासून दादाच्या जागी लागलेला, बूट घालताना म्हणाला होता, "पहिल्या दिवशी कसलं काम! दुरुस्त केलेल्या त्या लाइनची फाइल सहीला राहिलीय तेवढी. उद्या वाफ सोडायचीय." ओवीचं नाचणी सत्त्व ढवळता ढवळता ती नुसतं "हं" म्हणाली होती.

दादा तिच्या मुठीत गार, जड काहीतरी दाबतो. "सतरातला एक माझ्याकडे राहू दे. सात तू ठेव."

ओवीच्या हुंकारानं अश्लेषा जागी होते. ओवी तिची मूठ उघडून आतली वस्तू तोंडाकडे नेतेय. अश्लेषा हिसकावून घेते. शिशाचा सात. मागं चिकटपट्टीचा मळका तुकडा. तळहातावर उलटा सात उमटलेला. ती पोरीचे हात साबणानं दोनदा धुते, आपले तीनदा. सात जात नाही.

निरंजनचा फोन बंद. तिथं फोन गेटवरच ठेवून घेतात. ऑफिसातली मुलगी म्हणते, "मॅडम, ते सरांबरोबर आत बसलेत, पेपरवर्क चाललंय."

"त्याला उठवा तिथून!" अश्लेषा किंचाळते. फोन कट.

ओवीला कडेवर मारून ती निघालीय, पण तिला पोचायला तास लागेल. तुम्ही कुणी एमआयडीसीच्या बाजूला असाल, तर तिच्याआधी पोचा. मागच्या गेटवर निरंजन म्हणून विचारा. उंच आहे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय. सही केलीस का, एवढं विचारा. केली नसेल, तर पेन काढून घ्या त्याच्या हातातलं.