हिरव्या पिकअपवरचा खटला

"गाडीला आई नसते, म्हणून सरकार तिच्यावर खटला भरतं."

हे ओफेलिया कांतूचं वाक्य. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ती बोलली आणि तासाभरात गावभर झालं. आमच्या गावात वाक्यं धुळीसारखी फिरतात. ती कुणी झाडत नाही.

ओफेलिया अंडं फोडायच्या आधी हुंगायची. टरबूज घेताना टरबुजाकडे न बघता विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. "टरबूज खोटं बोलत नाही," म्हणायची. चर्चमध्ये दानाचं ताट पुढे आलं की ती ते आधी उचलून त्याच्या बुडाशी बघायची. तिथे काय असणार, ते तिलाच ठाऊक. नवरा रेफुहिओ वारला तेव्हा डॉक्टरने सांगितलं, पाद्र्याने सांगितलं, तरी तिने स्वतः त्याच्या नाकाशी हात धरून पाहिला. मगच ती रडली.

रेफुहिओ मागे एक हिरवी पिकअप ठेवून गेला. दर शनिवारी ओफेलिया तीत मेस्कीटची लाकडं आणि खाटकाकडून गाईची मुंडकी घालून आणायची. घरामागच्या खड्ड्यात, निखाऱ्यांवर, माती लोटून मुंडकी शिजत पडायची. रविवारी चर्च सुटलं की तिच्या फाटकाशी रांग लागायची. टोर्टियात, म्हणजे मक्याच्या पोळीत, गुंडाळलेलं ते मांस खाल्ल्याशिवाय आमच्याकडे रविवार उजाडला असं कुणी मानत नाही. यावरच तिचं घर चालायचं. खाटीक गावापासून लांब, लाकडं त्याहून लांब. पिकअप आहे तोवर खड्डा पेटणार, एवढा साधा हिशोब.

गावाच्या कडेने जाणारा रस्ता सीमेकडून निघून उत्तरेला जातो. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा, आमच्याकडे काउंटीचा, पोलीसप्रमुख; त्याची माणसं त्यावर उभी असतात. अमली पदार्थांचा संशय आला की गाडी जप्त, गाडीतली रोकड जप्त, एकदा तर गाडीमागे जोडलेल्या डब्यातले घोडेही. कोर्टाने शिक्का मारला की ते सगळं शेरीफच्या ऑफिसचं आणि काउंटीच्या वकिलाच्या ऑफिसचं होतं. त्यातून शेरीफच्या माणसांना नव्या गाड्या आल्या, हुंगणारा कुत्रा आला, शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर दिवे आले. वस्तू कुठून आली असं विचारलं तर गावात उत्तर एकच: "रस्त्याने दिली." नदीकाठची माणसं नदीबद्दल बोलतात, तसं. लहान मुलांना तर रस्ता म्हणजे कुणीतरी श्रीमंत काका वाटतो.

म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या हॉलला रस्त्याने फ्रिज दिला. आत माणूस उभा राहील एवढा. ओफेलिया तिथे बुधवारी रांधायची, म्हणून फीत कापायला तिलाच पुढे केलं. शेजारी शेरीफ एवारिस्तो लाँगोरिया उभा. हा एवारिस्तो लहानपणी तिच्या अंगणात अनवाणी खेळलेला.

"एवारिस्तो, हा कुणाचा?"

"तुमचा, दोन्या ओफे." वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात.

"आधी कुणाचा?"

"आधी कुणाचा कसा असेल? नवा आहे. प्लास्टिक बघा ना, अजून चिकटलेलं आहे."

"पैसा कुणाचा, गाढवा?"

"वाईट लोकांचा."

ओफेलियाने फ्रिजचं दार उघडलं, आत डोकं घातलं, हुंगलं. "बरं," म्हणाली, "वाईटांचं आम्ही म्हातारे खाऊ. दात नाहीत, पण पचवू." सगळे हसले आणि फोटो निघाला. आयुष्यात तिने अर्ध्यावर सोडलेली चौकशी माझ्या माहितीत ही एकच. गार हवेचा तो पहिला झोत तोंडावर आला की कुणीही विचारणं थांबवेल. मीही त्या दिवशी तिथे थंड पाणी प्यायलो.

पुढे काय झालं त्याची सुरुवात आंपारोपासून. आंपारोच्या मुलाला, एलिसेओला, बाप्तिस्म्याच्या वेळी ओफेलियाने हातात धरलं होतं. अशा नात्यातल्या बायका एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, आणि कोमाद्रेला नाही म्हणायची सोय नसते. मी ओफेलियाचा शेजारी; त्या दिवशी मी कुंपणाच्या अलीकडे होतो, त्या दोघी पलीकडे.

"कोमाद्रे, पिकअप दे गं जरा. एलिसेओ माझा सोफा आणेल, येताना तुझी लाकडंही टाकेल."

"तुझ्या पोराच्या पायात नवे बूट आहेत. शहामृगाच्या कातड्याचे. काम कुठे करतो तो?"

"करतो इकडे तिकडे."

"इकडे म्हणजे कुठे? आणि तिकडे म्हणजे कुठे?"

"अगं बाई! बाप्तिस्म्याला तूच धरलं होतंस ना त्याला? का तेव्हाही दुपटं उचलून बघितलं होतंस, आत मूलच आहे का म्हणून?"

ओफेलियाला हसू आलं. हसता हसता तिने किल्ली काढून दिली. दुसरी किल्ली मात्र पर्समध्ये ठेवली आणि पर्सची कडी दोनदा दाबली.

एलिसेओला रस्त्यावर अडवलं. सीटखाली नशेच्या गोळ्यांचं पुडकं निघालं. तो तुरुंगात गेला, गुन्हा कबूल केला, पहिलीच वेळ म्हणून देखरेखीवर सुटला आणि तेच बूट घालून घरी आला. पिकअप आली नाही. ती शेरीफच्या ऑफिसमागे, तारेच्या कुंपणात उभी राहिली. ओफेलिया संध्याकाळी चालत तिथे जायची आणि तारेला बोटं अडकवून बघत राहायची.

"चालवतात हे लोक तिला," मला म्हणाली. "काल चाकाला चिखल नव्हता."

"पाऊस झाला ना."

"पाऊस सगळ्या गाड्यांवर झाला. चिखल हिच्याच चाकाला."

मी बघितलं, तर खरंच तसं होतं. की तिने सांगितलं म्हणून मला तसं दिसलं, हे आजही सांगता येणार नाही.

मग तिच्या हाती कोर्टाचा कागद आला. मी कोर्टात दुभाष्याचं काम करतो. लोकांचं बोलणं न्यायाधीशाला इंग्रजीत सांगतो आणि न्यायाधीशाचं लोकांना आमच्या बोलीत. म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली. खिडकीत येसेनिया नावाची मुलगी होती. तिला दोन्ही भाषा येत होत्या, माझी गरजच नव्हती.

"पोरी, यात चूक झालीय," ओफेलिया म्हणाली. "आरोपीचं नाव घालायचं राहिलंय."

"नाही राहिलं, दोन्या. हे बघा. राज्य सरकार विरुद्ध एक पिकअप, रंग हिरवा, डाव्या दाराला पोचा."

"पोचा रेफुहिओने पाडला. तो वारला."

"पोच्याबद्दल नाही खटला."

"मग काय केलं तिने?"

"गुन्ह्याला मदत केली."

"एलिसेओ घरी टीव्ही बघतोय आणि पिकअप आरोपी?"

"त्याचा खटला वेगळा. तो संपला."

"हिला वकील मिळेल?"

"माणसाला देतात, दोन्या. गाडीला नाही."

"मग मी बोलते तिच्या वतीने."

"बोलावंच लागेल. पण तुम्हाला काही ठाऊक नव्हतं, संशयही नव्हता, हे तुम्हीच पटवून द्यायचं. नाहीतर गाडी गेली."

ओफेलियाने कागद घडी करून परत खिडकीत सरकवला, जणू चुकून दुसऱ्याच्या घरचं टपाल आलं होतं. येसेनियाने तो पुन्हा तिच्याकडे सरकवला. असं तीनदा झालं. मग आम्ही बाहेर आलो, आणि पायऱ्यांवर ती ते वाक्य बोलली.

त्यानंतरचे रविवार कोरडे गेले. चर्च सुटलं की लोक सवयीने तिच्या फाटकापर्यंत यायचे आणि खड्ड्यावरची थंड माती बघून परत फिरायचे. भूक लागली की माणसं बोलायला लागतात. कालपर्यंत जे म्हणत होते की या बाईच्या नाकासमोर काही लपत नाही, तेच आता म्हणू लागले, "एवढं नाक, आणि आपल्याच सीटखालचं कळलं नाही?" कुणी म्हणालं, लाकडं कसली, मुंडकी कसली, खड्ड्यात काय पुरत होती कोण जाणे. तिला हे ऐकू यायचं. गावावर ती जन्मभर संशय घेत आली होती. आता गाव तिच्यावर घेऊ लागलं होतं, आणि गाव तिच्यापेक्षा जास्त वाकबगार निघालं.

सुनावणीच्या आधी आंपारो आली. बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"कोमाद्रे, एक वाक्य तर आहे. संशय नव्हता म्हण. पिकअप तुझ्या दारात येईल."

"आणि बुटांचं विचारलं तर?"

"बूट कुणी पाहिले?"

"मी पाहिले."

"तू पाहिलेस हे कोण सांगणार?"

ओफेलियाने तिच्याकडे नुसतं बघितलं. टरबूजवाल्याकडे बघायची तसं.

कोर्टात मी तिच्या शेजारी बसलो. मालकी दाखवायला तिला किल्ली आणायला सांगितलं होतं. ती समोरच्या टेबलावर ठेवली होती. काउंटीचा वकील बेल्ट्रान हा तरुण, नम्र माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन शेरीफ. त्याच्या पुढे आंपारो. हात वर करून ओफेलियाने खरं बोलण्याची शपथ घेतली, आणि शपथ संपल्यावरही हात वरच ठेवला. न्यायाधीशाला सांगावं लागलं.

"दोन्या ओफेलिया," बेल्ट्रान म्हणाला, "तुम्ही अंडं हुंगून घेता म्हणे?"

"घेते."

"म्हणजे तुम्हाला फसवणं कठीण."

"कठीण नाही. वेळ लागतो."

लोक हसले. तोही हसला, आणि ते हसू ओसरायच्या आत म्हणाला, "मग एलिसेओच्या हातात किल्ली देताना तुम्हाला कसलाच संशय आला नाही?"

ओफेलियाने मागे वळून बघितलं. आंपारोचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की 'नाही' हा शब्द, मला कळलं नाही.

"आधी मला सांग," ओफेलिया म्हणाली. "पिकअप हरली तर ती कुणाची?"

बेल्ट्रानने न्यायाधीशाकडे पाहिलं. न्यायाधीशाने मान हलवली.

"शेरीफच्या ऑफिसची. थोडा वाटा आमच्या ऑफिसचा."

"म्हणजे विचारणारा तू, आणि जेवणाराही तूच."

मी हे इंग्रजीत सांगताना सौम्य करायला हवं होतं का? मी जसंच्या तसं सांगितलं. मागे कुणीतरी टोपीत खोकलं.

बेल्ट्रान रागावला नाही. "मी एकटाच जेवत नाही, दोन्या. म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये एक फ्रिज आहे. त्याच्यासमोर तुमचा फोटो आहे. हातात कात्री. छान आलाय."

ओफेलिया खुर्चीतच वळली.

"एवारिस्तो. वाईट लोकांचा म्हणालास. कोण होते ते?"

शेरीफ टोपी मांडीवर फिरवू लागला. "एक गाडी विकली होती, दोन्या ओफे."

"गाडीचं नाही विचारत. माणूस कोण?"

टोपी थांबली.

"इथे नको," शेरीफ म्हणाला.

न्यायाधीशाने टेबलावर पेन आपटलं. साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात, उत्तरं द्यायची असतात, असं तो म्हणाला. मी ते ओफेलियाला सांगितलं. तिने मान डोलावली. हे तिला पटलेलं दिसलं. बेल्ट्रानने हातातला कागद खाली ठेवला आणि जवळजवळ मायेने विचारलं, "संशय आला होता, की नव्हता? हो किंवा नाही, एवढंच."

वर छतात गार हवेचं नवं यंत्र घरघरत होतं. ओफेलियाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पुरेसं बघितलं. आंपारो बाकाच्या काठावर आली होती. मी तोंड उघडून तयार होतो. दोन्हींपैकी कुठलाही शब्द आला असता तरी इंग्रजीत न्यायला वेळ लागला नसता.

ओफेलियाने टेबलावरची किल्ली उचलली. नाकाशी नेली. मग पर्समध्ये टाकली, कडी दोनदा दाबली आणि उठली.

"दोन्या, किल्ली इथेच..." बेल्ट्रान म्हणाला.

ती आंपारोच्या बाकाजवळून गेली, शेरीफच्या बाकाजवळून गेली. शेरीफने पाय आत घेतले. दाराशी उभ्या शिपायाने न्यायाधीशाकडे बघितलं, त्याला काही खूण मिळाली नाही, म्हणून त्याने दार उघडून धरलं. ती बाहेर पडली.