गाडी जागेवरच आहे

चौकशीकाकांकडे गाडी आहे. ती बिघडलेली नाही. काकाच ती हलवत नाहीत.

हे ते स्वतः सांगतात आणि वर स्वतःच हसतात. "कुठं असते गाडी?" असं कुणी विचारलं की म्हणतात, "जिथं होती तिथंच. गुणाची आहे बिचारी."

काका शहर वाहतूक कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत बसतात. खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी आहे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना चौकशीकाका म्हणतं. एकवीस वर्षं झाली. लोक येतात, काचेच्या गोल भोकाशी तोंड नेतात आणि विचारतात. पहिली गाडी नवी घ्यावी की जुनी? लायसन्सची मुदत संपली तर काय करायचं? स्टेशनापासून विमानतळापर्यंत किती वेळ धरायचा? प्रश्न अर्धा झालेला असतानाच काकांचं उत्तर सुरू होतं. नेहमीच्या एकतीस प्रश्नांची उत्तरं त्यांनी एका कागदावर छापून घेतली आणि खिडकीबाहेर चिकटवली. लोक तो कागद नीट वाचतात. मग आत वाकून तेच विचारतात.

"गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते का हो?" हा सतरावा प्रश्न.

"उतरते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा," काका ठणकावून सांगतात. आणि संध्याकाळी बसने घरी जातात.

त्याचं असं झालं. काकांच्या गल्लीत गाड्या चाळीस आणि जागा सव्वीस. गाडी घेतल्यावर पहिले चार महिने काका ती रोज कुठंतरी लांब लावून पायी घरी यायचे. सकाळी गाडी कुठं लावली होती ते आठवत नसे. एकदा काकूंनी सरळ विचारलं, "अहो, आपण गाडी चालायला जाण्यासाठी घेतली का?" मग एका रविवारी बरोबर इमारतीच्या दारासमोरची जागा मोकळी झाली. काकांनी गाडी घुसवली. उतरून तीनदा मागेपुढे बघितलं. वर जाऊन गॅलरीतून बघितलं. त्या दिवसापासून पाच महिने गाडी तिथंच. बाहेर काढली तर जागा जाणार. आणि जागा गेली तर ती पुन्हा मिळणार नाही.

गल्लीचा नियम साधा होता. जागेत माणूस उभा असेल तर जागा त्याची. वस्तू ठेवली तर ती कुणी मोजत नसे. सुरुवातीच्या दिवसांत काकांनी एका मोकळ्या जागेत खुर्ची ठेवून पाहिली होती. परत आले तर तिथं दुसऱ्याची गाडी होती, आणि खुर्ची फूटपाथवर होती. खुर्चीवर ठेवलेला पेपर घडी करून पुन्हा खुर्चीवरच ठेवला होता. "गल्ली सभ्य आहे," काका म्हणतात. "लुटतात, पण वस्तू जिथल्या तिथं ठेवतात."

दर रविवारी काका गाडीत जाऊन बसत. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवत, मग बंद करून तासभर रेडिओ ऐकत. काकू खिडकीतून चहाचा कप आत देत आणि विचारत, "कुठवर पोचलात?"

हे सगळं असंच चाललं असतं. पण ताई पडली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दहा वर्षांनी मोठी. टेलिफोन ऑपरेटर होती, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. टॅक्सीतून जाताना पुढं एक बस आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि ताई सीटवरून खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता सहा आठवडे तिनं काकांकडे राहायचं, आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जायचं, असं ठरलं.

पण ताईने गाडीचा धसकाच घेतला होता. रस्त्यावर नुसता ब्रेकचा आवाज आला तरी ती पलंगाची कड धरायची. टॅक्सी नको म्हणाली. ॲम्ब्युलन्स नको म्हणाली.

"ॲम्ब्युलन्सला काय झालं?" काकांनी विचारलं.

"तिलाही ड्रायव्हर असतो. धाकट्या, तू आण मला. तुझ्याकडे गाडी आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. "आहे म्हणजे, आहेच."

डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. "व्यायामाला यायलाच हवं. नाहीतर वॉकर कायमचा. आणि पहिला प्रवास नीट झाला, तरच त्या पुढच्या वेळी गाडीत बसतील. घाबरल्या तर घरातून हलायच्या नाहीत."

काका बसने घरी आले. वाटेत त्यांच्या लक्षात आलं की ज्या माणसाने पाच महिन्यांत दुसरा गिअर टाकलेला नाही, त्याच्या हातात बहिणीचा पाय दिलेला आहे.

गुरुवारी साडेदहाला ताईला हॉस्पिटलमधून सोडणार होते. आदल्या संध्याकाळी काकांनी काकूंपुढे योजना मांडली.

"तू फक्त दोन तास उभी राहा."

"कुठं?"

"जागेत."

काकूंनी चष्मा काढला. त्या शाळेत शिकवतात, दुपारच्या सत्रात. "मी? पार्किंगमध्ये? गाडीसारखी?"

"खुर्ची घेऊन बस. खुर्चीत माणूस असला की चालतं."

"आणि कुणी मागून हॉर्न दिला तर पुढं सरकू का?"

पण काकू तयार झाल्या. साडेबाराची शाळा होती, बाराला निघायचं होतं, तोवर तपासायचे पेपर तिथंच तपासू म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी साडेनऊला काकांनी किल्ली फिरवली. गाडी एकदाच कण्हली आणि गप्प झाली. सतरावा प्रश्न.

आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे वकील खाली आले. त्यांची गाडी आठवडाभर पेट्रोल पंपामागे उभी होती आणि काकांच्या जागेवर त्यांचा केव्हापासून डोळा होता. "बाहेर काढताय?" त्यांनी विचारलं. चेहरा उजळला होता.

"काढायचीय. सुरू होत नाही."

वकिलांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "धक्का मारू. तुम्ही बसा. दुसऱ्या गिअरवर ठेवा, क्लच दाबून धरा. मी सांगितलं की सोडा." आणि ते लागले ढकलायला. इतक्या मनापासून वकिलांनी आजवर एकही केस पुढं ढकलली नसेल. गल्लीच्या टोकाशी ते ओरडले, "सोडा!" काकांनी क्लच सोडला. गाडीने उडी मारली आणि सुरू झाली. वकील हात झटकत वळले, तर रिकाम्या जागेत काकू खुर्ची मांडून बसल्या होत्या. मांडीवर पेपरांचा गठ्ठा होता.

"अरेच्चा," वकील म्हणाले.

"बाराला या," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही.

आता गाडी बंद पडून चालणार नव्हती. पडली तर वकील कुठून आणायचे? काका पहिल्या गिअरमध्ये जीव मुठीत धरून निघाले. सायकलवाले त्यांना मागं टाकून गेले. एका सायकलवाल्याने वळून बघितलं, काळजीने.

हॉस्पिटलसमोर पोचले तेव्हा ताई दारातच होती, चाकाच्या खुर्चीत. शेजारी नर्स होती. काकांनी हात केला आणि वेग आणखी कमी केला. तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. "इथं थांबायचं नाही! पुढं घ्या, पुढं घ्या!" काका आज्ञाधारकपणे पुढं गेले. रस्ता एकेरी होता. पूर्ण वळसा घालून पुन्हा आले. ताई तिथंच होती. काकांनी पुन्हा हात केला. पुन्हा शिट्टी वाजली. पुन्हा पुढं.

तिसऱ्या वेळी त्यांनी हात केला नाही. लाज वाटली. नर्सने मात्र केला.

चौथा वळसा चालू असताना फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"धाकट्या," ताई म्हणाली, "एक चौकशी होती."

"बोल."

"पेशंटला न्यायला आलेली गाडी हॉस्पिटलशी कुठं थांबवतात?"

काकांचं तोंड आपोआप चालू लागलं. "मुख्य दारापाशी, हॅझर्ड लाइट लावून, पेशंटला चढवायला दहा मिनिटं मिळतात. कुणी अडवलं तर डिस्चार्जचा कागद दाखवायचा." ते थांबले. हा सव्विसावा प्रश्न. हजार लोकांना तरी याचं उत्तर दिलं असेल.

"कागद माझ्याकडे आहे," ताई म्हणाली. "तू ये."

काका आले. हॅझर्ड लाइट लावले. शिट्टी वाजली. पहारेकरी काचेशी आला. एकवीस वर्षं लोक काचेशी वाकून काकांशी बोलत आले होते, त्यामुळे काकांना एकदम बरं वाटलं. "पेशंट आहे. दहा मिनिटं," ते खिडकीतल्या आवाजात म्हणाले. पहारेकरी मागं सरला आणि उलट त्यानेच चाकाची खुर्ची ढकलायला हात लावला.

नर्सने सीट मागं केली, वर उशी ठेवली आणि उशीवर एक प्लास्टिकची पिशवी पसरली. "आधी पाठ करून बसायचं. मग दोन्ही पाय एकदम आत. पिशवीवरून घसरतं, खुब्याला पीळ पडत नाही." ताई बसली. दार लागलं. तिनं दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी धरली. बोटं पांढरी पडली.

काकांनी ते पाहिलं. मग त्यांना जे एकच येत होतं ते त्यांनी केलं. माहिती द्यायला सुरुवात केली.

"आता निघतोय. डावीकडे वळणार. वळलो. पुढं सिग्नल आहे, लाल होईल असं वाटतं, ब्रेक लावणार आहे. हळू. लावला."

ताईने मूठ आणखी घट्ट धरली.

"स्पीडब्रेकर. अजून लांब आहे. आला. पुढची चाकं गेली. आता मागची. गेली."

"तू बस चालवतोस का रे?"

"समोरून एक बाई रस्ता ओलांडतायत. थांबतोय. त्या म्हणतायत, तुम्ही जा. मी म्हणतोय, तुम्ही जा."

मागून हॉर्न सुरू झाले. ताईने विचारलं, "मागचे शिव्या देतायत का?"

"देतायत. काचा बंद आहेत."

बाई शेवटी वैतागून गेल्या. ताई हसली. एक हात मुठीवरून खाली आला. पुलावर चढताना दुसराही. पुढं ती टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या इमारतीकडे बोट दाखवून सांगू लागली, की तिथल्या तिसऱ्या मजल्यावरून हा पूल बांधताना दिसायचा. काकांनी माहिती देणं थांबवलं. ते ताईच्या लक्षातही आलं नाही.

पोचायला सव्वा वाजला. जागेत वकिलांची गाडी होती. काकूंची खुर्ची फूटपाथवर होती आणि तिच्यावर चिठ्ठी होती: 'शाळेत गेले. बारा पाच झाले होते. जागा वकिलांना दिली, ते वेळेवर येतात. घराची किल्ली त्यांच्याकडे.'

काकांनी गाडी भर गल्लीत उभी केली. इंजिन चालूच. मागं सोफा लादलेला टेम्पो येऊन थांबला. त्याच्यामागं तीन गाड्या. टेम्पोवाला हॉर्न दाबून बसला. एरवी काका कधीच निघून गेले असते. हॉर्न ऐकला की ते आपोआप पुढं जातात, त्यांचा स्वभावच तो. आज ते उतरले, वॉकर काढला आणि दार उघडलं. ताईने दोन्ही पाय एकदम फिरवले.

टेम्पोवाला तणतणत उतरला. "ओ काका, गल्ली काय तुमच्या..." वॉकर बघून तो थांबला. मग मागं वळून ओरडला, "ए, थांबा रे! म्हातारी उतरतीय!"

"म्हातारी कुणाला म्हणतोस?" ताई सीटमधूनच म्हणाली.

"चुकलं, ताई. सावकाश."

दारापर्यंत बावीस पावलं होती. नऊ मिनिटं लागली. मागून पुन्हा हॉर्न वाजले. काका वळले आणि त्यांनी हात वर केला. एवढंच केलं. हात खाली घेतला नाही. वकील किल्ली घेऊन खाली आले होते. जागेकडे बघून ओशाळले आणि न सांगता लिफ्टचं दार धरून उभे राहिले.

ताईला खिडकीपाशी खुर्चीत बसवून काका गाडी लावायला गेले. पोहण्याच्या तलावापलीकडे, दीड किलोमीटरवर, एक जागा मिळाली. परतताना पायी चालवेना. बस मिळायला वेळ लागला. घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते.

"कुठं होतास इतका वेळ?" ताईने विचारलं.

"गाडी लावायला गेलो होतो."

"आणि आलास कसा?"

"बसने."

ताई इतकी हसली की तिला खुबा धरावा लागला. "नको हसवू रे, टाके आहेत." मग डोळे पुसले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सोमवारी व्यायामाला किती वाजता आहे?"

"अकराला."

"मग तू बसने जाऊन गाडी घेऊन ये. मी साडेनऊला खाली येऊन उभी राहते."

काकांनी बोटांवर वेळ मोजला. खिडकीत असं कधी करावं लागत नाही.

"नऊला ये," शेवटी ते म्हणाले. "मी हळू चालवतो."