लॉयल स्टकीचा सर्वांत ठाम निर्णय

लॉयल स्टकी दिवसभर धान्याच्या कोठारावर मक्यातला ओलावा मोजायचा आणि हिवाळ्यात माझ्या जोडीने शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. दोन्हीकडे लोक आधी कुरकुरत आणि मग त्याचा शब्द मानत. इंडियानाच्या आमच्या कोपऱ्यात एवढा मान पाद्र्यालाही नाही.

ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून नियमाबाहेर पावलं टाकणं, हा तर त्याचा खास प्रांत. चेंडू धरून थांबलात की एक पाय रोवलेला. तो उचलला तर चालतो. फक्त चेंडू हातातून सुटण्याआधी परत टेकता कामा नये. पंचांच्या लेखी परीक्षेत हा प्रश्न दरवर्षी येई आणि लॉयल दरवर्षी बरोबर उत्तर लिही.

त्याचा सर्वांत गाजलेला निर्णय अकरा वर्षांपूर्वीचा. मुलींचा उपांत्य सामना, चार सेकंद उरलेले, शेजारच्या गावचा संघ एका गुणाने मागे. त्यांच्या जोलीन टिपटनने चेंडू पकडला, डावा पाय रोवला, उजवा पुढे टाकला, मग डावाही उचलला आणि एका पायावर वेडीवाकडी होत चेंडू फेकला. तो आत गेला. लॉयलची शिट्टी वाजली, मुठी ट्रॅव्हलिंगच्या खुणेने एकमेकींभोवती फिरल्या, बास्केट रद्द.

सामन्यानंतर जोलीनचे वडील ड्वेन तिला घेऊन आमच्या गाडीपाशी आले. प्रेक्षकांच्या शिव्यांबद्दल त्यांनी माफी मागितली आणि चुकलेल्या पावलाबद्दल मुलीलाही मागायला लावली. लॉयल तिला म्हणाला, "पायांकडे लक्ष ठेव, बाळ." हा प्रसंग तो पुढे वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत असे.

यंदा ऑक्टोबरात, एका मंगळवारी, नव्या पंचांच्या शिबिरात त्याने त्या सामन्याची टेप आणली. व्याख्यानाचा विषय होता धैर्य. पुढच्या रांगेतल्या गणिताच्या शिक्षिकेने विचारलं, टेप जरा सावकाश फिरवता येईल का. आली. डावा पाय हवेत, चेंडू हातात. मग चेंडूही हवेत, आणि पाय अजून टेकलेला नाही. आम्ही चौदा जण कॉफीच्या किटलीचं निरीक्षण करू लागलो.

"दिसायला वाकडं होतं," लॉयल म्हणाला.

वाकडेपणाला नियमपुस्तकात शिट्टी नाही, हे त्याला आमच्या सर्वांहून चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी तो जोलीनकडे निघाला आणि मला बरोबर चल म्हणाला. धैर्यावर व्याख्यान देणाऱ्याला सोबत लागावी, हे मी बोलून दाखवलं नाही. जोलीन आता आपल्या जुन्या शाळेत लहान मुलींना बास्केटबॉल शिकवते. आम्ही पोचलो तेव्हा ती सांगत होती, मागचा पाय खिळ्याने ठोकलाय असं समजायचं, उचलायचाच नाही. लॉयलने टोपी काढून सगळं सांगितलं.

"म्हणजे ती बास्केट बरोबर होती," ती म्हणाली.

"होती."

"आणि मी सहा वर्षं ह्या पोरींच्या पायांत खिळे ठोकतेय."

लॉयल म्हणाला, तीही चूक त्याचीच.

"मला काय सांगताय, मिस्टर स्टकी? बाबांना सांगा. त्या दिवशी घरी परतताना चाळीस मैल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. नंतरही कधी सामन्याला आले नाहीत."

ड्वेन त्यांच्या घराच्या दारातच भेटले. आत या म्हणाले नाहीत. लॉयलने पुन्हा सगळं सांगितलं, ह्या वेळी जास्त हळू आवाजात.

"कधी कळलं तुला?" ड्वेननी विचारलं.

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, लॉयल."

ड्वेननी खुंटीवरचा कोट घेतला आणि आमच्यामधून वाट काढत ते आपल्या ट्रककडे गेले. ट्रक जोलीनच्या शाळेच्या दिशेने वळला. घराचं दार सताड उघडं होतं, आतली ऊब बाहेर चालली होती. लॉयलने ते हलकेच ओढून घेतलं आणि नीट लागलं की नाही, हे दोनदा तपासलं.