पाच खिळे आणि माझी पहिली पँट

अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलर मास्तर होते. हात चांगला होता, पण खरा अभिमान त्यांना दुकानातल्या भिंतीचा. भिंतीवर ओळीनं पाच खिळे होते: माप, काप, शिलाई, काज-बटण आणि शेवटी इस्त्री, म्हणजे कपडा तयार. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी एका खिळ्यावरून पुढच्या खिळ्यावर सरकायची. रस्त्यानं जाता जाता कुणालाही आपलं काम कुठवर आलं ते दिसायचं. मोठी सोय हो! फक्त मास्तर एका वेळी वीस जणांचे कपडे हाती घेत आणि कुणी नाराज व्हायला नको म्हणून रोज प्रत्येकाचे चार टाके घालत. त्यामुळे कुणाचंच काम अडलेलं नसायचं आणि कुणाचंच व्हायचं नाही.

माझी चिठ्ठी आठ दिवस ‘शिलाई’वर लोंबकळत होती. एकोणीसशे साठ उलटून दोनेक वर्षं झाली असतील. बी.ए. होऊन मी घरी बसलेलो, वडिलांच्या भिक्षुकीवर दोन्ही वेळा जेवत होतो. अकोल्याच्या एका शाळेत सोमवारी दुपारी मुलाखत होती. आधीच्या दोन मुलाखतींत माझं ज्ञान कुणी पाहिलंच नाही, पायजमा पाहिला. म्हणून आईनं पोटाला चिमटा काढून पँटीचं कापड आणलं. हीही नोकरी हुकली तर तिला तोंड कसं दाखवायचं, या धास्तीनं मला जेवण जात नव्हतं.

शनिवारी विचारलं, “मास्तर, माझं काय? सोमवारी सकाळी अकोल्याची मोटार गाठायची आहे.”

“करून राहिलो ना बाप्पा! भिंतीकडे पाहा ना. उद्या मी वलगावले चाललो सासुरवाडीले. परवा सकाळी मोटारीच्या आधी घेऊन जा.”

भिंतीकडे पाहिलं. एका वकिलाचा कोट माझ्या पुढे, ‘काज-बटणा’वर! तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर पाणी प्यायला आत वळले तसा मी माझी चिठ्ठी उचलली आणि थेट ‘इस्त्री’च्या खिळ्यावर टांगली. म्हटलं, ती तिथं पाहून मास्तर लाजेकाजेस्तव तरी पँट पुरी करतील. बी.ए.ला माझा विषय तर्कशास्त्र होता, हे सांगायचं राहिलं.

सोमवारी सकाळी मास्तरांनी हसत भिंतीकडे बोट केलं. “तयारच हाये तुमची.” कपाट उघडलं. पँट नाही! ती निघाली शिलाईच्या ढिगात. पाय जोडलेले, पण काज नाही, बटण नाही, खालची तुरपाई नाही. ज्याची चिठ्ठी इस्त्रीवर, त्याचा कपडा मास्तर शिलाईला कशाला घेतील?

ते मटकन खाली बसले. “माह्या हातून असं झालंच कसं? ही भिंत कधी खोटी बोलली नाही.”

मोटार सुटायला अर्धा तास होता. खरं सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, “मास्तर, तुम्ही माझं वाटोळं केलं!”

त्यांनी सुई-दोरा आणि बटणं खिशात कोंबली, दुकानाला कुलूप घातलं आणि माझ्याबरोबर अकोल्याच्या एस.टी.त चढले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. गाडी एकही खड्डा सोडत नव्हती आणि मास्तर मांडीवर पँट घेऊन काजं घालत होते. सुई चारदा बोटात घुसली. मी आपला मोठा अन्याय झाल्यासारखा खिडकीबाहेर कपाशी बघत बसलो. अकोल्यात एका लाँड्रीवाल्याच्या हातापाया पडून इस्त्रीही त्यांनीच करून घेतली.

नोकरी मिळाली. मास्तर शाळेच्या फाटकापाशी सकाळपासून उपाशी उभे होते. त्यांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“भाऊ,” हात जोडून ते म्हणाले, “तुमची नोकरी गेली असती तर मी सोताले माफ केलं नसतं. चूक माही होती. मनात ठेवू नका.”

सांगून टाकावंसं वाटलं. खरंच वाटलं. अजून आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तेव्हा नव्या पँटीत मी चांगलाच रुबाबदार दिसत होतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, “जाऊ द्या मास्तर, माफ केलं.”