आधी विहीर सांगा

कोणी धापा टाकत बंबखान्यात शिरला आणि "आग! आग!" म्हणून ओरडला, की आमचा कारकून लेखणी धरलेला हात वर करायचा आणि म्हणायचा, "आधी विहीर सांगा."

घर कोणाचं, ते नंतर. आधी जवळची विहीर. आलेला माणूस रडकुंडीला यायचा आणि आमची डोकी तापायची. तुम्ही तिथे असतात तर तुमचंही तापलं असतं.

मी तेव्हा रत्नागिरीत आगीच्या बंबावर जमादार होतो. शाळा दुसरीपर्यंत. पण बंब कसा चालवायचा हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. तो हाताचा बंब. विहिरीत नळी सोडायची, आठ जणांनी दोन्ही बाजूंनी दांडे मारायचे, तेव्हा पाणी उडणार. त्या आठांतले दोघे पाळीपाळीने टेबलाशी अडकायचे, टपाल आणि नोंदी लिहीत. नगरपालिकेच्या कमिटीतल्या एका वकिलाने हे पाहिलं. म्हणाला, "कवायत शिकलेले गडी कागद खरडतात, हा गावाच्या पैशाचा नास आहे. साधा कारकून बसवा. त्याला ना ड्रेस, ना बूट. अर्ध्या खर्चात काम होईल आणि हे दोघे बंबावर राहतील." बाकीचे मेंबर कुरकुरले. शेवटी ठरलं, पावसाळ्यापर्यंत ठेवून बघायचा. उपयोग दिसला तर कायम, नाहीतर रजा.

असा तो आला. संगमेश्वराकडचा, किडकिडीत, पन्नाशीला टेकलेला. पेढीवरची नोकरी सुटून वर्ष झालेलं, घरात दोन लग्नाच्या मुली. ही जागा गेली तर त्याला पुढे काही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी आम्ही त्याला छळला.

"काय ओ कारकून, आग लागली तर दौत ओतणार काय?" एक गडी विचारायचा.

"तुमच्याच हाती देईन ओ. नेम तुमचा चांगला," मान वर न करता हा म्हणायचा.

माझा राग वेगळा होता. बंबखान्यातली एकुलती खुर्ची माझी होती, तिच्यावर तो बसला. याचा काही उपयोग नाही, असं मी मेंबरांच्या घरी जाऊन सांगत होतो.

रविवारी तो छत्री घेऊन गावभर पायऱ्यांच्या पाखाड्या उतरायचा. दोरीला दगड बांधून विहिरी मापायचा. कुठल्या पायऱ्यांवरून बंब उतरत नाही, कुठली विहीर कधी आटते, सगळं वहीत. आमच्या जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. माघात भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवते. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण आम्ही धावायचो ते सवयीच्या विहिरीवर.

वैशाखातलीच दुपार. समुद्राकडून वारा सुटलेला. मांडवीतून एक माणूस पळत आला. शेजारणीच्या माडाच्या झापांनी शाकारलेल्या घराने पेट घेतला होता. कारकुनाने हात वर केला, विहीर विचारली, वही उघडली.

"जमादारानू, वडाखालच्या विहिरीवर जाऊ नका. चार दिवसांमागे पाहिली, नुसता गाळ आहे. देवळामागची घ्या. लांब पडेल, पण पाणी आहे."

"वीस वर्षं मी आगी विझवतोय," मी म्हटलं. "तुम्ही मला पाणी दाखवणार?"

गडी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी बंब वडाकडे घेतला.

नळी सोडली, दांडे पडू लागले. नळीने घरघर केली, चिखल ओढला आणि गप्प झाली. समोर झापं तडतडत होती. घरवाली बाई माझा सदरा धरून ओरडत होती, "पाणी का नाय ओ? पाणी का नाय?"

बंब ओढत देवळामागे नेला. तिथे पाणी होतं. शेजारची दोन घरं वाचली. तिचं गेलं. बाई आणि पोरं बाहेर होती, एवढंच.

परत आल्यावर कारकुनाने नोंद लिहिली आणि मला वाचून दाखवली. "जमादारांस देवळामागची विहीर सांगितली. ते वडाकडे गेले."

"हे खोडा."

"खोडता येणार नाही."

"परवा कमिटी आहे. मी एक शब्द बोललो तर तुमची खुर्ची जाईल."

त्याने लेखणी दौतीत बुडवली. "जाईल," तो म्हणाला. "पण पुढच्या वैशाखात कोणी हे वाचील आणि वडाकडे जाणार नाही. खाली जागा सोडली आहे. तुमचं म्हणणं सांगा, तेही लिहितो."

सदऱ्यावर त्या बाईच्या बोटांची काजळी होती.

"लिहा," मी म्हटलं. "जमादाराने ऐकलं नाही."

त्याने लिहिलं. खाली मी एकेक अक्षर जुळवून सही केली.

कमिटीपुढेही मी तेच बोललो. वकिलाने विचारलं, "मग कारकून ठेवावा की काढावा?"

"ठेवा. काढायचं तर मला काढा."

मला काढलं नाही. जमादारी काढली आणि दांड्यावर साधा गडी म्हणून उभा केला. कारकून कायम झाला. माफी मी त्याच्याकडे मागितली नाही. चूक चारचौघांत कबूल केली, ती पुरे.

काही वर्षांनी वय झालं म्हणून तो कामावरून उतरला आणि गावी निघाला. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मासळी घेऊन मोटारस्टँडवरून घरी चाललो होतो. गाडी सुटता सुटता त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली, "येतो ओ, जमादारानू!"

स्टँडवरची माणसं जमादार कुठे म्हणून इकडेतिकडे बघू लागली. मी मासळीची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कपाळाशी नेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो खाली घेतला नाही.